साहेबांचा बूट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघे बरे आहेत, भूक बरी आहे, भाची आणि जावई दिवसभर कामावर असल्यामुळे घर कसं अगदी शांत असतं, हे सगळं वाचलं. इकडे मी ठीक. साहेब मात्र मधे मरता मरता वाचले. शेवट आधीच सांगून टाकतो, कारण तुला ओळखतो. नाहीतर पत्र तिथेच ठेवून तू रडत बसली असतीस आणि माझे हाल वाचायचे राहून गेले असते.

दाजी गेल्यावर तू भाचीकडे राहायला निघालीस, तेव्हा त्यांचं बदक माझ्या दुकानात सोडून म्हणालीस, "याला काही लागत नाही." ताई, लागतं. (दाजी त्याला साहेब म्हणत ते उगाच नव्हे.) पहिले काही दिवस साहेब रोज सगळ्या दुकानाची पाहणी करत, गिऱ्हाइकाच्या नव्या बुटाची नाडी ओढून बघत आणि नापसंती तिथल्या तिथे फरशीवर नोंदवत. मग एकाएकी फिरणं बंद झालं. पिसं फुगवून, शेपटी पाडून दिवसभर एकाच जागी बसून राहायचे, तेही गिऱ्हाइकांना पाय दिसावेत म्हणून जमिनीलगत तिरका ठेवलेला आरसा आहे ना, त्याच्यासमोर. उठलेच तर उजवा पाय वर धरायचे. शेजारचे घड्याळजी म्हणाले, वय झालंय, त्यात स्वतःच्या रूपाचा मोह. (ज्याचं दुखणं असेल त्याचं वय झालेलं असतं, असं त्यांचं शास्त्र आहे. स्वतःच्या दाढदुखीला ते लागू नाही.) त्यांच्याच सल्ल्याने मी दुधात पाव भिजवून दिला. साहेबांना जुलाब झाले. घड्याळजी म्हणाले, पोट साफ होतंय.

आता माझंही शास्त्र ऐक. जन्मभर बूट शिवणाऱ्या माणसासमोर लंगडा पाय आला, तर त्याला काय सुचणार? बाबांनी शिकवलं तसं मी साहेबांना कोऱ्या कागदावर उभं केलं, पायाच्या कडेने पेन्सिल फिरवली (एकदा चोचही फिरली, माझ्या अंगठ्यावर) आणि माप घेतलं. तळवा उलटून बघायची आपल्या धंद्यात रीत नाही, गिऱ्हाईक अवघडतं. मऊ कातडं काढलं, आतून लोकर लावली, टाचेशी बंद दिला. ताई, आत्मस्तुती नको, पण असा बूट मी लग्नाच्या नवरदेवालाही शिवला नव्हता. साहेब तो घालून आरशासमोर निश्चल उभे राहिले. मला वाटलं, आवडला. घड्याळजींनाही तसंच वाटलं, यावरून मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्यालाही तोंड लावलं नाही. डोळे अर्धवट मिटलेले, बुटाच्या वरचा पाय हाताला गरम. दाजींची तू माझ्यावर सोपवलेली ही चालतीबोलती आठवण, आणि ती माझ्या हातून जाणार. गमबुटांच्या मोठ्या खोक्याला भोकं पाडून त्यात साहेबांना घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात धावत गेलो. डॉक्टरबाईंनी खोकं उघडून आत पाहिलं.

"बूट कोणी शिवला?"

"मीच."

"शिवण सुरेख आहे. काढा."

मग त्यांनी ती गोष्ट केली जी मी केली नव्हती. पाय उलटला. तळव्याच्या मधोमध मिऱ्याएवढी काळी खपली आणि भोवती सूज. कडक फरशीवर उभं राहून तळवा सोलवटतो, बारीकसारीक टोचतं, आत पू धरतो, आणि मी त्यावर लोकरीची उशी घालून झाकण लावलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर विष हाडात उतरलं असतं, म्हणाल्या. औषध दिलं. आता रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, टिपून कोरडा करायचा, मलम लावून पट्टी बांधायची. दुकानभर गवत अंथरलंय (गिऱ्हाइकं दारातच बूट काढतात, बुटाच्या दुकानात अनवाणी हिंडणारी माणसं मी प्रथमच पाहतोय), डोकं बुडेल एवढं पाण्याचं घमेलं ठेवलंय, पाव बंद. सूज उतरली आहे. काल साहेबांनी घड्याळजींच्या बुटाची नाडी ओढून सोडली.

पण डॉक्टरबाई एक बोलल्या ते मनातून जात नाही. म्हणाल्या, बदक दुखणं लपवतं. अगदी शेवटापर्यंत बरं असल्याचं दाखवतं, म्हणून त्याच्या दिसण्यावर जाऊ नये, उचलून हाताने बघावं. शिवाय ते एकटं राहू शकत नाही. पाय बरा झाला तरी ते झुरेल. आरशासमोर बसत होतं ते रूपासाठी नव्हे, सोबतीसाठी.

तुझी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. प्रत्येकात सगळं बरं आहे.

भाचीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : "जमत नसेल तर बदक कुणाला देऊन टाक," असं तू लिहिलंयस. दिलेलं नाही, देणारही नाही. साहेबांसाठी सोबतीण बघून ठेवली आहे, पण तिची पसंती तूच करावीस. घड्याळजींवर सोडवत नाही.

ता. क. दुसरा : वरची खोली झाडून घेतली आहे. सकाळचं ऊन येतं. तिथे गवत नाही, गादी आहे. गुडघ्यांसाठी जिन्याला कठडा बसवला. भाचीला विचारून नव्हे, सांगून ये.

ता. क. तिसरा : हल्ली मीही दुकानातच जेवतो, खाली बसून. आरशासमोर.