जलविज्ञानाचा शेवटचा बाक

७ जानेवारी
आजपासून रोजनिशी. आजपासून संध्याकाळचा कोर्सही: ‘जलविज्ञान, प्राथमिक ओळख’. विषयाची आवड, बस. शिकवणाऱ्या मॅडम आमचीच मुलगी आहे, हा निव्वळ योगायोग. तीस वर्षं ऑफिसात फायली इकडून तिकडे हलवल्या. पाणी कसं हलतं ते कळायला कितीसा वेळ लागणार. पहिला नंबर काढायचा. बायकोला सांगितलं, लायब्ररीत चाललोय. ती म्हणाली, बरं.

९ जानेवारी
हजेरी घेताना माझ्या नावाशी ती जरा अडखळली. मग पुढचं नाव. चार वर्षांनी समोरासमोर. बरीच सुटली आहे. बाहेरचं खाणं, दुसरं काय.
शिकवलं ते सोपं होतं. पाऊस पडतो, थोडा वाहून जातो, थोडा जमिनीत मुरतो, उरलेल्याची वाफ होते. शेजारी पाणीखात्यातली मीटर वाचणारी मुलगी बसते. तिला बढतीसाठी कोर्स हवाय. मला विचारलं, काका, तुम्हाला कशासाठी? म्हटलं, ज्ञानासाठी.

१७ जानेवारी
पहाटे पाचला उठून अभ्यास करायचा निश्चय. साडेसातला उठलो. थंडी होती. उद्यापासून नक्की.
वर्गात तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला ती म्हणाली, तुम्ही पान चौदा वाचा. बाकीच्यांना नुसतंच ‘वाचा’ म्हणते, मला पानाचा नंबर सांगितला. शेवटी आतडं तुटतंच.

२८ जानेवारी
घरचा प्रयोग. बाल्कनीत पातेलं भरून ठेवायचं आणि किती वाफ होते ते पट्टीनं मोजायचं. काल अर्धा सेंटीमीटर. आज पातेलं कोरडं. असं बाष्पीभवन वाळवंटातही होत नसेल. बायको म्हणाली, कुंड्यांना घातलं.
पातेली का मोजताय, हे मात्र तिनं विचारलं नाही. भोळी आहे. हल्ली मोजे विणते. माझ्यासाठीच असणार, पण माप पार चुकलंय. माझा अंगठासुद्धा जेमतेम जाईल. बोललो नाही. उगाच हिरमुसेल.

६ फेब्रुवारी
चाचणी. वीसपैकी सहा. ‘चिकणमातीत पाणी मुरायला वेळ का लागतो?’ यावर दोन पानं लिहिली. तिनं लाल शाईत शेरा दिला, ‘प्रश्नाचं उत्तर नाही.’ कडक आहे. माझ्यावर गेली.
तिच्या लग्नाच्या वेळी ‘पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस’ म्हणालो होतो खरा. रागात माणूस बोलतो. तिनं अगदी शब्दशः घेतलं. लग्नाला मी जाणारच होतो, नेमकी कंबर धरली.

१२ फेब्रुवारी
सगळा वर्ग ओढ्यावर. पाण्यात बूच सोडायचं आणि ठरलेल्या अंतराला किती वेळ लागतो ते पाहायचं. बूच सोडायचं महत्त्वाचं काम मी मागून घेतलं. वाकलो आणि घसरलो. गुडघाभर पाणी.
ती काठावर खुर्चीत बसली होती. पटकन म्हणाली, “बाबा, हळू.”
सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. ती खाली मान घालून आकडे सांगू लागली. मीटरवालीनं हात देऊन मला वर काढलं. बूट ओले होते. घरी येईपर्यंत काढावेसे वाटले नाहीत.
निश्चय: पुढच्या तासाला थांबून बोलायचं.

११ मार्च
मधले काही तास राहून गेले. एकदा पाहुणे, एकदा सर्दी. आज मात्र थांबलोच. मुद्दे पाठ केले होते. सगळे गेल्यावर ती टेबलामागे बसली होती, चेहरा ओढलेला. माझे मुद्दे कुठल्या कुठे पळाले. विचारलं, भूजल म्हणजे नेमकं काय?
ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाली, “आणखी काही विचारायचंय?”
मी म्हटलं, “नाही, समजलं.”
संवाद चांगला झाला. उरलेलं पुढच्या आठवड्यात.

१८ मार्च
वर्गात दुसरेच सर. म्हटलं, मॅडमची बदली झाली की काय? मीटरवाली माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? काल मुलगी झाली त्यांना.”
घरी आलो तर बायको डबा घेऊन दारात चपला घालत होती. विचारलं, कुठे?
“लायब्ररीत,” ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, “येताय का?”
“तिनं बोलावलंय का मला?”
“नाही. पण हाकलणारही नाही.”
म्हटलं, परीक्षा तोंडावर आलीय. शिवाय दवाखान्यात उगाच गर्दी नको. तिनं डबा उचलला. मग गेली.
पुस्तक उघडून बसलो. एक ओळ पुढे सरकलो नाही.

२० मार्च
वर्गानं मॅडमसाठी कार्ड आणलं. प्रत्येकानं एक ओळ लिहायची. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आलं. कोपऱ्यात बोटभर जागा होती. ‘आजोबा’ लिहायला पुरली असती. पेन टेकवून बराच वेळ बसलो. सर म्हणाले, “काका, पाकीट बंद करायचंय.”
‘अभिनंदन, मॅडम’ असं लिहिलं. खाली नाव घालायचं राहून गेलं.