रूपांतरातला पहिला उकार

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्यावर रागावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती मागच्या आठवड्यात आली. जळगावला केळी बाहेरगावी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी मुलाखतीला गेलो होतो. त्यांच्या वजनकाट्यावर अजून तुमचाच प्रोग्रॅम चालतो. तो आता नव्या कॉम्प्युटरांवर न्यायचा आहे आणि त्यासाठी त्यांना माणूस हवा होता. जाहिरातीत पदवी मागितली होती. माझं कॉलेज अर्ध्यात सुटलं हे तुम्हाला माहीतच आहे. तरी मी गेलो, कारण हाच प्रोग्रॅम डॉस या जुन्या प्रणालीवरून लिनक्सवर मी आणला, एवढी एक गोष्ट माझ्याकडे सांगण्यासारखी होती.

देवपुरातलं तुमचं घर आठवतं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास, मागे स्वयंपाकघर. काकू शाळेत शिकवायला जायच्या, म्हणून दुपारचं जेवण तुम्ही करायचात, आणि शेवभाजीच्या रश्श्याचा ठसका थेट कीबोर्डपर्यंत यायचा. नरडाण्याच्या कापूस जिनिंगमधल्या काट्यावरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि त्याच्यासारखा दुसरा मिळत नव्हता, म्हणून प्रोग्रॅम लिनक्सवर न्यायचं ठरलं. वजनाचा हिशेब सोपा होता, तो तसाच्या तसा चालला. अडलं ते कॉम्प्युटरचा पडदा सांभाळणाऱ्या तुमच्या कोडमध्ये, तुमच्या लायब्ररीत. कुठल्या ओळीत काय लिहायचं, चौकट कशी काढायची, कुठलं बटण दाबलं गेलं, हे सगळं तीच बघायची. डॉसमध्ये ती अक्षरं थेट पडद्याच्या मेमरीत ठेवायची. लिनक्समध्ये तिथे हात लावता येत नाही, टर्मिनलला, म्हणजे पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, खुणेच्या अक्षरांनी विनंती करावी लागते. त्यामुळे तुमच्या दुहेरी रेघांच्या चौकटींच्या जागी भलतीच अक्षरं उमटायला लागली. ती मी दुरुस्त केली, तरी एक गोष्ट सुटेना. उजवीकडच्या सगळ्यात खालच्या घरात, म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या अक्षराच्या जागी, चौकटीचा कोपरा लिहिला की अख्खा पडदा एक ओळ वर सरकायचा.

तुम्ही आतून विचारायचात, “काय म्हणतो तुझा पडदा?”

“वर सरकतो अजून, सर.”

“सरकू दे. खाली बघ, आपलं काही पडलं का.”

कंटाळून मी तो कोपरा लिहायचाच सोडून दिला. एका अक्षराची जागा, कोणाला दिसणार होती? तुम्ही पळी हातात घेऊन बाहेर आलात आणि बघितलंत. तेव्हा तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. “काट्यावरचा माणूस दिवसभर याच चौकटीकडे बघतो रे. त्याला अर्धवट काम द्यायचं? मग तुझ्यात आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणाऱ्या त्या फुकट्या कॉपीवाल्यांत फरक काय?” मी जेवलो नाही. पुढे बरेच दिवस वाचत बसलो. शेवटचं घर लिहिण्याआधी टर्मिनलची आपोआप पुढच्या ओळीत जायची सवय बंद करायची आणि लिहून झालं की परत चालू करायची, एवढंच करायचं होतं. कोपरा बसला, पडदा हलला नाही. तुम्ही मागे उभे राहून बराच वेळ बघत होतात. “बठ्ठं बराबर शे, भो,” सगळं बरोबर आहे, असं तुम्ही आपल्या बोलीत म्हणालात. “कॉलेजनं मनावर घेऊ नको. तुनी डिग्री हाईच शे.” माझी डिग्री हीच, असं.

मग तुम्ही मला प्रोग्रॅमच्या फाइलीत सगळ्यात वर, तुमच्या नावाखाली, माझं नाव लिहायला लावलंत. लिनक्सवर फाइलीत मराठी लिहिता येतं याचं तुम्हाला कोण कौतुक. मी ‘लिनक्ससाठी रूपांतर’ असं लिहून पुढे नाव घातलं. तुम्ही चष्मा वर केलात. “रू मोठा असतो का रे?” मी म्हटलं, “हो सर, दुसरा उकार.” तुम्ही हसलात. “मी जन्मभर पहिलाच लिहीत आलो. राहू दे, तुझ्या ओळीत तुझा उकार.”

जळगावच्या मॅडमनी तीच फाइल उघडली. माझ्याकडे पाहिलं, परत फाइलीकडे पाहिलं. “रूपांतर तुम्ही केलंय म्हणालात ना?” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तुमच्या नावाखाली तुमच्या मुलाचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. “दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगू नये, दादा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “कोणीतरी फाइल उघडतंच.” त्या रागावल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. माझं लक्ष त्या ओळीवरच होतं. तिथे ‘रुपांतर’ लिहिलेलं होतं, पहिल्या उकारानं. नुसतं नाव बदललं असतं तर माझा दुसरा उकार तसाच राहिला असता. म्हणजे कोणीतरी पूर्ण ओळ खोडून परत लिहिली होती. तुमचा मुलगा इंग्रजी शाळेतला, तो मराठी टाइप करत नाही. तुमच्या घरात हा शब्द असा लिहिणारं माणूस एकच होतं.

बसस्टँडवरून मी त्याला फोन केला. तो आता पुण्यात विमा विकतो.

“माझं नाव? कशात?” मी फाइलीचं सांगितलं तसं तो म्हणाला, “अरे हो, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. पप्पा म्हणाले होते, मी बघतो. खरं सांगतो भाऊ, मी ती फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाही. पास झालो, विषय संपला.”

“मग त्या मॅडमना तेवढं कळव ना.”

“कळवतो की. पण काय लिहू? पप्पांनी तुझं नाव काढून माझं घातलं, असं? आईला कळलं तर?”

मी म्हटलं, राहू दे. चार दिवसांनी कंपनीचा निरोप आला, त्यांनी दुसरा माणूस घेतला.

त्याच्या कॉलेजपुरती एक वेगळी प्रत करता आली असती, सर. पण तुम्ही मूळ फाइलच बदललीत आणि तीच गावोगावच्या काट्यांवर बसवलीत. नंतर मी किती वेळा तुमच्याकडे जेवलो, तुम्ही मला वाढलंत, आग्रह केलात. तेव्हा ती ओळ बदललेली होती की नव्हती, हे मी आता एकेक जेवण आठवून ताडून बघतो. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. ‘फुकटे कॉपीवाले’ हे तुमचेच शब्द होते.

हे पत्र मी दोनदा तपासलं, ऱ्हस्वदीर्घ नीट आहेत. पण तुमचा माझ्याजवळ असलेला पत्ता देवपूरचाच आहे आणि तिथे दार काकू उघडतात. त्यामुळे हे कुठे जाणार नाही, आणि म्हणून एक खरं लिहून टाकतो. घरी मी सगळ्यांना सांगत असतो की सरांनी नुसतं विचारलं असतं तरी मी ते नाव आनंदानं देऊन टाकलं असतं. ते ऐकून आईचे डोळे भरून येतात. तसं काही नाही, सर. तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि मला वाटतं, तुम्हाला ते माहीत होतं.