तुमच्या लिंबाच्या मुंग्या

दादा, तुमच्या लिंबाला मुंग्या लागल्या होत्या. आता गेल्या, म्हणून लिहायला बसलो. आधी लिहिलं असतं तर उगाच तुम्हाला घोर, आणि घोर लावून घ्यायला मी इथं आहेच. येरवड्याच्या ज्या बंगल्यात तुम्ही माळी होतात, तिथलं ते झाड तुमच्या पश्चात केव्हाच तोडलं. पण त्याआधी मी एका फांदीला गुटी बांधून रोप करून घेतलं होतं. ते आता वारज्याला, मुलाच्या फ्लॅटच्या गच्चीत, निळ्या ड्रममध्ये आहे. गच्ची स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे मुंग्या थेट पोळ्यांच्या डब्यापर्यंत.

सूनबाई, तुमची नातसून, मनानं चांगली, बोलायला मोजकी. म्हणाली, "बाबा, झाड तुमचं, मुंग्याही तुमच्या. रविवारपर्यंत एक काहीतरी जाऊ दे. नाहीतर ड्रम खाली वॉचमनला देऊन टाकू." विषारी औषध मारायला मीच नको म्हटलं होतं, याच लिंबाचं सरबत नात पिते. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बुंध्याशी हळद टाकली, मग दालचिनीची पूड. मुंग्या वळसा घालून गेल्या. सूनबाईनं वाकून पाहिलं. "आता मीठ तेवढं राहिलं. भाजी होईल."

तेव्हा तुमचा गुलाब आठवला. मी सहावीत होतो, शाळा कायमची सुटायच्या बेतात. बंगल्यातल्या गुलाबाखाली वारूळ दिसलं म्हणून मी त्यात उकळतं पाणी ओतलं, तुम्ही शाबासकी द्याल म्हणून. तुम्ही करपलेला गुलाब उपटून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मुंग्या परत येतील. हा येणार नाही." हात उगारला नाहीत. मग मला ओणवं करून मुंग्या चढत होत्या त्या दुसऱ्या झाडाकडे बघायला लावलंत. "मुंगी कुठून येते ते काय बघतोस, जाते कुठं ते बघ."

म्हणून शुक्रवारी सकाळी चष्मा लावून लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. कोवळ्या पानांखाली काळ्या माव्याची कीड. त्याचं गोड चिकट पाणी चाटायला सगळी जत्रा चाललेली. रिठे भिजत घातले होते, ते कुस्करून फेसाच्या पाण्यानं एकेक पान पुसलं. जुन्या धोतराची पट्टी एरंडेलात बुडवून बुंध्याला गुंडाळली. मुंग्या पट्टीपाशी थांबल्या. मी खूश झालो. संध्याकाळी डब्यात पुन्हा मुंग्या. म्हटलं, संपलं, झाड गेलं.

शनिवारी सूनबाई चहा घेऊन गच्चीत आली आणि तिथंच उभी राहिली. "बाबा, ही सुतळी कुणी बांधली?" मीच बांधली होती. वाऱ्यानं फांदी मोडेल अशी धास्ती, म्हणून ती खिडकीच्या गजाला बांधून ठेवली होती. सुतळीवरून मुंग्यांची रांग, खाली एरंडेल असो नसो. फांदीवरून गज, गजावरून पोळ्या. "पूल बांधून दिलात की तुम्ही त्यांना," ती म्हणाली, आणि हसत सुटली. मीही हसलो. सुतळी तिनंच कापली. रविवार गेला, सोमवारी तिनं न विचारता लिंबू तोडून वरणावर पिळलं.

पण तुमचं एक काम अजून बाकी होतं. मुंगीला हाकलू नये, दुसरीकडे बोलवावं, म्हणायचात, आणि बागेच्या कुंपणाशी साखर ठेवायचात. मीही रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे चिमूटभर ठेवतो. परवा सूनबाईनं साखरेचा डबा हलवून पाहिला. "डॉक्टरांनी बंद केलीये ना तुम्हाला? मग साखर जाते कुठं?" असाच लहानपणी आईनं मला साखरेवरून धरला होता, आणि तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "त्याला बोलू नकोस. मी नेली, मुंग्यांना." आई तुम्हाला आठवडाभर बोलत होती आणि तुम्ही ऐकून घेत होतात.

हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवणार होतो, पण सूनबाई पहिल्यांदा तिथंच बघेल. सदऱ्याच्या खिशातच राहू दे. दादा, तेव्हाची सगळी साखर मुंग्यांना गेली नव्हती. निम्मी मी खाल्ली होती. आताही टाकीमागे जाताना चिमूट दोन वेळा घेतो.