उजवा कौल

पुणे,
१८ नोव्हेंबर २००८

प्रिय बाबली,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांपूर्वी तपासणीचा कागद हातात घेऊन तू म्हणाला होतास, "बाय, तुका आता गिऱ्हाईक घरातच गावला." एचआयव्हीवर संशोधन करणारी बहीण आणि एचआयव्ही झालेला भाऊ. दवाखान्याच्या बाकावर तू एकटाच हसलास. मला ते हसू अजून जमलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. रापणीच्या जाळ्यात बांगडा बरा लागतोय, असं तुझी विमला फोनवर सांगत होती. तुझा फोन मात्र नुसता वाजत राहतो.

मग तिने आवाज खाली करून बाकीचंही सांगितलं. गणपतीनंतर तू गोळी घेतलेली नाहीस. देवळात जाऊन कौल लावलास. गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या, आणि तू मनातल्या मनात विचारलंस, "रगतात काय गावणा नाय, मगे गोळये बंद करू?" उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला.

बाबली, रिपोर्टात 'विषाणू सापडला नाही' एवढंच लिहिलंय. तारकर्लीच्या वाळूवर आपण चालत असलो की एक कुर्ली दिसत नाही. सगळ्या बिळात. जरा थांबून बघ, किनारा कुर्ल्यांनी भरतो. गोळ्या म्हणजे तुझं चालणं आहे. आम्ही इथे त्या लपलेल्या विषाणूला उठवायला धडपडतो, उठला तर मारता येईल म्हणून. कधी उठतो, कधी नाही. औषध काढून घेतलं की मात्र परत येतो. हे मी काचेच्या बशीत पाहिलंय. तुझ्यात बघवणार नाही.

आणि विमला. तिचा रिपोर्ट आजवर निगेटिव्ह आहे; तुझ्या गोळ्या बंद राहिल्या तर तो तसाच राहील असं नाही. ती स्वतःसाठी बोलायची नाही, म्हणून मी बोलते.

गोळ्या सोडलेल्या माणसाचं रक्त आमच्या विभागाला हवंच असतं. तुझ्याबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही.

दर मे महिन्यात मी घरी आले की तू विचारायचास, "गावला काय गो औषध?" आणि मी विचारायची, आज सार कसलं केलंय. आज सांगते. हा रोग मुळापासून काढणारं औषध सापडलेलं नाही. आपल्या हयातीत सापडेल का, मला ठाऊक नाही. मी उत्तर देईना, म्हणून तू देवाला विचारलंस, असं मला वाटत राहतं.

तू म्हणशील, देवान दिल्लो कौल मोडूचो नसता. बाबांनीही कधी मोडला नाही. भरल्या हंगामात होडी ओढून ठेवली, पण मोडला नाही.

तरी मागते. शनिवारी सकाळी मी पोचते. विमलाला घेऊन माझ्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात चल आणि तो कौल मोडून गोळ्या पुन्हा सुरू कर. तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. पण ते माझ्यासमोर म्हण.

तुझ्या नकारालाही भेटायला येणारी,
बाय