सुनेसाठी घर शोधणारी सासू

अमरावती,
पौष वद्य पंचमी, शके १७८५

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या पायांवर सून जमुनाचं डोकं.

मी इकडे खुशाल आहे. तुमचा गुडघा थंडीत कसा आहे ते कळवावं. पत्र आणणारे देवीदासभाऊ आपल्याच गल्लीतले, ते वाचून दाखवतील. त्यांना माझं सांगणं, मोठ्यानं वाचा, पण ओसरीवर नको. आत, चुलीजवळ.

अक्षर माझंच आहे. हसू नका.

इकडे कापसाची नुसती धूम आहे. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई लागलीय, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा. बाजारात गाड्या इतक्या, की रस्ता ओलांडायला बाईनं बैलाच्या पोटाखालून जावं. आम्ही बाया दिवसभर सरकी काढतो. संध्याकाळी केसांत, भुवयांत सगळा कापूस. वांगी विकायला चंद्रभान नावाचे एक माळी येतात, ते आम्हाला ‘पांढऱ्या आज्या’ म्हणतात.

आता रागावण्याची गोष्ट. मी पादरीसाहेबांच्या मडमेकडे वाचायला जाते. “त्या पुस्तकाले हात लावला तं माह्या उंबरठ्यावर पाय ठेवू नको,” असं तुम्ही म्हणालात, आणि मी निघून आले. धर्म बदललेला नाही, देव्हारा तोच आहे. पण त्या पुस्तकात एक सासू भेटली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नामी तिचं नाव. दुष्काळात परमुलखात गेली. तिथं नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, उरल्या दोन सुना. ती म्हणाली, पोरींनो, माहेरी जा, माझ्याजवळ आता काही नाही. एक रडत रडत गेली. दुसरी, रूथ, काही केल्या जाईना. आत्याबाई, हे गेले त्या महिन्यात तुम्हीही मला असंच म्हणालात, मोर्णा नदीवर विकायची फुलं धुताना. मी टोपली उचलली आणि तुमच्या मागं घरी आले.

मडमेच्या ओसरीवर दर ऐतवारी शेषराव नावाचे उपदेशक बोलतात. त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि म्हणाले, सून असावी तर अशी, मुकाट, आज्ञेतली. बाया माना हलवत होत्या. मी उठले. म्हटलं, “महाराज, ते मुकाट कुठं हाय? सासूनं जाय म्हटलं, तं ते गेलीच नाही. आज्ञा तं तिनं मोडली!”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मडम म्हणाल्या, “पुढं सांगा, जमुनाबाई.”

मग काय, सांगितलं. रूथ परक्या शेतात पडलेली कणसं वेचून सासूला जगवते. पण नामीही रडत बसत नाही. तुझं घर बसायला हवं, म्हणते. न्हा, चांगलं नेस, म्हणते आणि बवाज नावाच्या भल्या शेतकऱ्याकडे स्वतः तिला धाडते. विधवा सुनेचं लग्न सासूनं जुळवलं! पोर झालं तेव्हा नामीनं ते उराशी धरलं. शेजारणी म्हणाल्या, ही सून तुला सात मुलांहून मोठी. बाळाचं नावही त्या शेजारणींनीच ठेवलं. गोष्ट चालवली ती बायांनी. ऐकणारे मात्र आजवर नुसती आज्ञाच ऐकत आले.

शेषरावांनी वाद घातला. मग आमच्यात सरकी काढणारी दुर्गाबाई उठली, मग आणखी दोघी. दुर्गाबाईची सासू शेजारीच होती. ती म्हणाली, “मी बी सुनेले जाय म्हटलं होतं. गेली नाही बापा, भांडत बसली!” इतकं हसू उसळलं की शेषरावही हसले. पुढच्या ऐतवारी गोष्ट तुम्हीच सांगा, म्हणाले. मी सांगितली, आत्याबाई! उभी राहून, चाळीसेक माणसांपुढं!

मी पहिल्यांदा उठून बोलले त्या दिवशी वांग्यांची पाटी घेऊन चंद्रभान बाहेर उभे होते. मला विचारलं, “तुमची सासू कुठी राह्यते?”

“अकोल्याले. जुन्या शहरात.”

“एकटी?”

“एकटी.”

“मंग तुमी इथं काहून?”

मी तशीच खोलीवर येऊन खूप रडले.

चंद्रभान. नाव एकदा पुरतं लिहून घेते, पुढं लिहिता यायचं नाही. समजलात ना? पाट लावून पुन्हा संसार मांडशील का, असं त्यांनी मला विचारलंय. आपल्यातलेच आहेत, बायको वारली, मूलबाळ नाही, विहिरीला बारमाही पाणी. मी म्हटलं, माझी सासू येईल तर. ते म्हणाले, “त्यायच्याबिगर कसं जमन? मले वांग्याशिवाय काही लावता येत नाही. फुलं कोन शिकवन?”

लोक म्हणतात, सासूला न विचारताही पाट लागतो. तसा मला नको. तुम्ही मांडवात माझ्या बाजूनं बसा.

नवमीला आम्ही गाडी घेऊन येतो. दार लावलंत तर ओसरीवर बसून राहू, गल्ली बघेना का. जातं घेऊ नका, इथं आहे. शेवंतीची रोपं मात्र ओल्या फडक्यात बांधून ठेवा.

तुमच्या मुलामुळं तुमची झाले होते. आता माझ्या मनानं तुमचीच,

जमुना