बोलता येईल इतक्या वेगाने

३ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून पळणे. मार्चमधल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत साडूंनी नाव दिलं आणि मला टाळ्या वाजवायला बोलावलं. मीही दिलं, बायकोचंही दिलं. तिला शेजारी घेऊन, साडूंच्या पुढे पोचायचं. कोच मीच. अभ्यास संपूर्ण माझा: थोडं पळा, थोडं चाला, दर आठवड्याला जरा वाढवा. मुख्य नियम: शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. बोलता येईना, म्हणजे वेग जास्त.

५ जानेवारी
नियम मला फारच सोपा गेला. बागेची अख्खी फेरी बोललो. श्वास, टाच, बुटाच्या नाडीची गाठ. बायको नुसतं "हं". तिचा वेग जास्त होतोय. बजावलं.

१९ जानेवारी
टाच कशी टेकावी हे नीट सांगायला थांबावं लागतं. थांबणं पळण्यातच धरलंय. बायको म्हणाली, अहो, आपण पळतोय की उभे आहोत? म्हटलं, पाया पक्का होतोय.

२ फेब्रुवारी
गुडघ्याने दगा दिला. पंखा पुसायला स्टुलावर चढलो तेवढ्यात. आता विश्रांती, तीही ट्रेनिंगचाच भाग. बायकोला सांगितलं, माझ्याशिवाय पळू नकोस, वळण बिघडेल. बरं म्हणाली.

१४ फेब्रुवारी
विश्रांती उत्तम चालू. बायको सकाळी दूध आणायला जाते ती घामाघूम होऊन येते. पिशवी जड असावी.

१ मार्च
तिच्या बुटांचे तळवे झिजलेत. माझे कोरे करकरीत. बूट पारखून घ्यावे लागतात.

१५ मार्च, संध्याकाळी
केसाने गळा कापला. सुरुवातीलाच साडूंना नियम समजावत होतो. मान वळवली तर बायको गायब! पुढच्या वळणावर तिची पाठ दिसली, मग तीही दिसेना. साडू म्हणाले, साडूभाऊ, तुमची गाडी सुटली, आणि स्वतःही सुटले. पाण्याच्या टेबलापाशी रुग्णवाहिकावाल्यांनी बसायचा आग्रह केला. मोडवेना.

घरी जाब विचारला. बायको मेडल खुंटीला अडकवत म्हणाली, अहो, तुमचाच नियम पाळला. तुमच्याबरोबर पळताना मला एक शब्द बोलता यायचा नाही. वाटलं, वेग जास्त होतोय. म्हणून दूध आणायच्या आधी एकटी पळायला लागले.

१६ मार्च, सकाळी ७.००
बायको पळायला निघाली. मागोमाग गेलो. बागेच्या फाटकापासून बाकापर्यंत पळालो, न थांबता. तिने वळून विचारलं, आज गप्पसे? बरं नाही का?

उत्तर तयार होतं. चांगलं सविस्तर. पण धाप लागली होती.