चूलबंद आवतणाची शेपटी

मु. पो. आसेगाव

चि. राखीला विकासमामाचे पोटभर आशीर्वाद (पोटभर का, ते पुढे कळेल).

तुझी तब्येत बरी असेल आणि हैदराबादच्या भातावर तू अजून रुसली नसशील, असं धरून चालतो. (फोन न करता पत्र का? माझा फोन ताईने पिठाच्या डब्यात ठेवला आहे. कारण येईलच.) इकडे तुझी आई, म्हणजे आमची ताई, खुशाल आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. तुझे बाबा, आमचे जगदेव भाऊजी, दारात माणूस दिसला की आतल्या खोलीत जातात. काळजी करू नकोस. सगळं माझ्या हातात आहे.

जर्मनीला पुढच्या संशोधनासाठी तुझी निवड झाली आणि भाऊजी काही केल्या हो म्हणेनात, तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं. पेशीत निरोप कसे मोडतात हे पोरगी शिकते, एवढंच त्यांना कळलं होतं. "निरोप मोडायले जर्मनीले कायले जा लागते? आपल्या गावात कोणाजवळबी दे, फाट्यावर पोचेपर्यंत मोडते." मी युक्ती काढली. तुझ्या निवडीच्या आनंदाची पंगत भाऊजींच्याच दारात घालायची आणि सगळ्यांसमोर तुझं कौतुक करायचं. जेवलेल्या गावापुढे कोणता बाप नाही म्हणेल? (भाऊजींना आदल्या दिवशी सांगितलं. फार आधी सांगितलं की माणसं विचार करतात.)

आवतण अर्थातच चूलबंद. आपल्याकडे चूलबंद म्हटलं की त्या घरी चूल पेटत नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खं घर जेवायला येतं, आणि चूल बंद ठेवून आलेल्याला उपाशी परत पाठवणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. पूर्वी गावचा लालसिंग दारोदार फिरून हे आवतण द्यायचा. संध्याकाळी त्याचा घसा बसायचा आणि आवतण तिथेच संपायचं. मी सुधारणा केली. माझ्या आवाजात (आवाज चांगला आहे, हे तूही मानतेस) फोनवर भरलं, "उद्या जगदेवभाऊच्या दारात चूलबंद आवतन हाय हो!" आणि सगळ्या ग्रुपांवर सोडून दिलं. तारीख घातली नाही. लालसिंगने तरी कधी घातली होती?

पहिल्या दिवशी पंगत झकास झाली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. मी उभं राहून तुझा विषय समजावला. पेशीच्या गाभ्यात मूळ पोथी असते, ती बाहेर येत नाही. तिच्या एका पानाची नक्कल निरोप म्हणून बाहेर जाते, आचारी ती वाचतो आणि प्रथिनं रांधतो. निरोपाला शेपटी असते, ती थोडी थोडी कापली जाते. पार आखूड झाली की डोक्यावरची टोपी काढतात आणि निरोप फस्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या वांग्याच्या भाजीला होत्या. भाऊजी हात धुवून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगरूळपीरकडची माणसं आली. त्यांना "उद्या" काल मिळालं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिरपूरकडून जीप भरभरून आल्या. मी "पंगत झाली" असा दुसरा निरोप सोडला, तो कुणी पुढे पाठवेना. (जेवण संपल्याची बातमी पसरवून कुणाला पुण्य लागतं?) कणीक मळता मळता ताई रडकुंडीला आली आणि माझा फोन डब्यात गेला. भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अबे विकास, हा निरोप मरत काहून नाही?"

राखी, माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, भाऊजी, राखी हेच तर शिकते! निरोप शिळा की ताजा, आचाऱ्याला काय कळतं? आला की रांधतो. शरीरात वाढण्याचा निरोप असाच मोकाट राहिला तर गाठी धरतात. वेळेवर शेपटी कापणारा पाहिजे. भाऊजींनी मांडवातली गर्दी बघितली. मग म्हणाले, "पोरगी एवढ्या मोठ्या कामाले लागून राह्यली अन् मले कोणी सांगतलं नाही. जाऊ दे तिले." (मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असो.) मला भरून आलं, खरंच सांगतो. उठून आणखी एक रोडगा खाल्ला.

पंगत थांबवायचा उपाय मात्र ताईने काढला. तिने शेजारच्या गोमतीबाईला फाट्यावर बसवलं. येईल त्या अनोळखी माणसाला ती एकच सांगते, "पंगत उठली, घरी जाऊन चूल पेटवा." तुझ्या पेशीतही असे बारके तुकडे असतात ना, निरोपाला चिकटून त्याला गप्प करणारे? बघ, तू सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात आहे. तेव्हा निश्चिंत राहा, तुझं जाणं पक्कं.

तुझा, या विषयात आता पारंगत असलेला,
विकासमामा

ता. क. : भाऊजींचा होकार टिकाऊ निरोपांतला नाही. काल जेवताना दोनदा "पण" म्हणाले. शेपटी झिजू लागली आहे. पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि तिकीट काढलं म्हणून ठोकून दे.

ता. ता. क. : तुझ्या पासपोर्टच्या पत्त्याची चौकशी करायला पोलीस आला होता. साध्या कपड्यांत होता, म्हणून गोमतीबाईने त्यालाही फाट्यावरूनच चूल पेटवायला पाठवलं. उद्या येतो, असा निरोप ठेवून गेला आहे. कोणता उद्या, ते तिने विचारलं नाही.